हॉलमध्ये आहे, बेडरूममध्ये नाही : नव्या फ्लॅटमध्ये टीव्हीचा पॉइंट नंतर कसा काढायचा

घराचा ताबा मिळतो, पलंग कुठे येणार हे ठरतं आणि मग कळतं की समोरच्या भिंतीवर टीव्हीचा पॉइंटच नाही. किंवा आहे, पण कपाट येणार तिथे. बिल्डरचा वायरमन येऊन 'अर्ध्या तासाचं काम' म्हणतो आणि थेट कटर मशीन लावतो. सहा महिन्यांनी झिरीच्या (पाइपासाठी भिंतीत कापलेल्या खाचेच्या) रेषेत भिंत चिरते, सॉकेट टीव्हीच्या ब्रॅकेटमागे दबलेलं असतं आणि डिशची केबल शेवटी खिडकीच्या फटीतूनच आत येते. भिंत कापायला खरंच अर्धा तास लागतो, पण कुठे कापायची आणि कुठे अजिबात नाही हे ठरवायला एक संध्याकाळ द्यावी लागते.

आधी करारनामा उघडा. विक्रीकराराला जोडलेल्या सुविधांच्या यादीत किंवा इलेक्ट्रिकल नकाशात बेडरूमचा टीव्ही पॉइंट लिहिलेला असेल, तर तो काढून देणं बिल्डरचं काम आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. लेखी पत्र द्या, व्हॉट्सअॅपवर भागवू नका. यादीत पॉइंट नसेल तर खर्च तुमचा, पण इलेक्ट्रिकल आणि प्लंबिंगचा नकाशा तरीही मागून घ्या. भिंतीत काय कुठून गेलंय हे त्याशिवाय कळत नाही. काम सुरू करण्याआधी भिंतीचे फोटोही काढून ठेवा. पुढे त्याच भिंतीत ओल आली तर 'तुम्हीच तोडफोड केलीत' हे उत्तर तयार असतं.

दुसरी गोष्ट कायद्याची. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं वेगळं आणि वायरिंगमध्ये भर घालणं वेगळं. नवा पॉइंट हे दुसऱ्या प्रकारचं काम आहे आणि ते परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं असतं. म्हणजे आखणी, पाइप, डिशची आणि इंटरनेटची केबल हे तुम्ही पाहू शकता, २३० व्होल्टची जोडणी मात्र परवाना असलेल्या वायरमनकडून करून घ्या.

तिथे नक्की काय काय हवं?

टीव्ही पॉइंट म्हणजे एक सॉकेट नव्हे. विजेची दोन ६ अॅम्पिअरची सॉकेट लागतातच : एक टीव्हीला, दुसरं सेट-टॉप बॉक्सला. साउंडबार येणार असेल तर तिसरं. ५५ इंची टीव्हीसुद्धा साधारण २०० वॅटच्या आत, म्हणजे एका अॅम्पिअरहूनही कमी घेतो. त्यामुळे १६ अॅम्पिअरचं जाडजूड सॉकेट लावण्यात काही अर्थ नाही.

त्यानंतर एक आरजी-६ कोअॅक्स केबल, डिश किंवा केबलवाल्यासाठी. आणि एक कॅट-६, इंटरनेटसाठी. घरात फायबर आहे, सगळं ओटीटीवरच बघतो, मग कोअॅक्स कशाला, असं वाटू शकतं. तरी झिरी उघडी असताना ती टाकून ठेवा. दहा मीटर केबलचा खर्च पुन्हा भिंत फोडण्यापुढे काहीच नाही. फ्लॅट भाड्याने द्यायचा झाला तर भाडेकरू पहिल्यांदा हेच विचारतो.

वीज आणि सिग्नल यांचे पाइप वेगळे आणि बॉक्सही वेगळे. एकाच पाइपात २३० व्होल्टची तार आणि कॅट-६ घालणारे कारागीर भरपूर आहेत. त्यांना थांबवा. सिग्नलच्या केबलचं आवरण घरगुती विजेसाठी बनवलेलं नसतं. उद्या तार सोलली गेली तर ती वीज सरळ टीव्हीच्या पोर्टात आणि राऊटरमध्ये शिरेल. दोन पाइप शेजारून जाणार असतील तर मध्ये २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा. एकमेकांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडू द्या.

जागा आणि उंची

पलंगावर टेकून बघायचं असेल तर पडद्याचा मध्य जमिनीपासून १२० ते १३० सेंटिमीटरवर बरा. सोफ्यावरून बघताना १०५ ते ११० पुरेसा. ४३ इंची पडदा साधारण ९५ सेंमी रुंद आणि ५४ सेंमी उंच असतो, ५५ इंची १२२ आणि ६९. मास्किंग टेपने तेवढा चौकोन भिंतीवर चिकटवा आणि पलंगाच्या जागी बसून बघा.

आता सगळ्यात जास्त चुकणारी बाब. भिंतीला चिकटणाऱ्या ब्रॅकेटमध्ये टीव्हीची पाठ आणि भिंत यांत जेमतेम २५-३० मिमी जागा उरते. आपला तीन पिनांचा प्लग सॉकेटमध्ये बसवल्यावर वायरच्या वळणासकट ४०-५० मिमी बाहेर येतो. म्हणजे सॉकेट बरोबर टीव्हीच्या मधोमध काढलं की एकतर प्लग बसत नाही किंवा टीव्ही तिरका राहतो. बहुतेक एलईडी टीव्हींचा खालचा भाग फुगीर असतो, वरचा पातळ. त्यामुळे बॉक्स पडद्याच्या वरच्या भागामागे घ्या. मध्य १२५ सेंमीवर असलेल्या ४३ इंची टीव्हीला १४० सेंमीच्या आसपास आणि मध्यापासून १५ सेंमी बाजूला, म्हणजे ब्रॅकेटच्या पट्ट्या आड येत नाहीत. टीव्ही आधीच घेतला असेल तर त्याची पाठ मोजूनच खूण करा. कारण काही मॉडेल्सची वायर एका टोकाला निघते आणि दीड मीटरच्या आतच संपते. बाजूने वायर निघणारा चपटा प्लग टॉप मिळतो, तो घेतला तर आणखी सोय.

स्विच मात्र टीव्हीमागे ठेवू नका. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्यावर टीव्हीची वीज बंद करायला टीव्ही भिंतीवरून उतरवावा लागेल. स्विच पलंगाशेजारच्या किंवा दारालगतच्या बोर्डात, मागे फक्त सॉकेट. ६ अॅम्पिअरचं सॉकेट दोन मॉड्यूलचं (प्लेटमधल्या दोन घरांचं) असतं, त्यामुळे दोन सॉकेटना चार मॉड्यूलचा बॉक्स. सिग्नलसाठी दोन किंवा तीन मॉड्यूलचा वेगळा.

भिंत ओळखा

बॉक्स येणार तिथेच ६ मिमीच्या बिटने एक भोक पाडा आणि पूड बघा. लाल पूड आली तर वीट. पांढुरकी, हलकी आणि बिट लोण्यासारखा आत गेला तर एएसी ब्लॉक, म्हणजे बोलीभाषेतलं सिपोरेक्स. करडी पूड, कडक आवाज आणि बिट अडखळतोय, तर काँक्रीट.

काँक्रीट निघालं तर झिरीचा विचार तिथेच सोडा. मुंबई, ठाणे, पुण्याच्या अनेक नव्या टॉवर्समध्ये माइवान पद्धतीने भिंतीच काँक्रीटच्या ओततात. त्या भिंती इमारतीचा भार घेतात आणि आत सळ्यांची जाळी असते. 'वरवर कापतो' म्हणणारा कारागीरही सळईपर्यंत पोचतोच, कारण तिच्यावरचं काँक्रीट २०-२५ मिमीच असतं. कॉलम आणि बीमलाही हाच नियम. अशा घरात केसिंग-कॅपिंग, म्हणजे तारा झाकणारी भिंतीवरची प्लास्टिकची पट्टी, हाच मार्ग आहे, तो पुढे सांगितला आहे.

विटेच्या आणि ब्लॉकच्या भिंतीतही मर्यादा आहे. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा नको. हा हिशोब प्रत्यक्षात मांडून बघा. चार इंची भिंत म्हणजे १०० मिमी. उभी झिरी ३३ मिमीपर्यंत चालते, त्यात २० मिमीचा पाइप आरामात बसतो. आडवी मात्र १६ मिमी, म्हणजे पाइपही मावत नाही. म्हणून चार इंची पार्टिशनमध्ये आडवी झिरी मारायचीच नाही. तिरकी तर कोणत्याच भिंतीत नको. पाइप बॉक्सच्या सरळ वर किंवा सरळ खालीच असणार, हे गृहीत धरून उद्या कोणीतरी फ्रेमसाठी खिळा ठोकणार आहे.

पलंगासमोरच्या भिंतीमागे बाथरूम आहे का, तेही बघा. मास्टर बेडरूममध्ये बऱ्याचदा असतंच. तिथे डायव्हर्टर आणि गिझरचे पाइप त्याच भिंतीत असतात आणि पलीकडे वॉटरप्रूफिंग. नकाशाशिवाय तिथे कटर लावू नका.

वाट कोणती?

सगळ्यात सोपी वाट पाठीला पाठ. हॉलचा टीव्ही पॉइंट नेमका बेडरूमच्या भिंतीच्या पलीकडे असेल, तर १५-२० सेंमी बाजूला सरकून भिंतीतून आरपार एक भोक पाडा, त्यात २० मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा बसवा आणि तिथूनच वीज घ्या. सिग्नलसाठी तसंच दुसरं भोक. बॉक्स एकमेकांच्या बरोबर पाठीमागे नकोत. एकेक बॉक्स सुमारे ५० मिमी खोल असतो आणि चार इंची भिंतीत दोन बॉक्स पाठीला पाठ आले की मध्ये भिंतच उरत नाही. मग हॉलमधला आवाज बेडरूममध्ये ऐकू येतो.

तशी सोय नसेल तर त्याच भिंतीवरचा, सॉकेट असलेला जवळचा बोर्ड शोधा. सॉकेट असलेलाच, कारण तिथे फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिन्ही मिळतात. नुसत्या स्विचच्या बोर्डात न्यूट्रल नसूही शकतो. त्या बोर्डापासून खाली स्कर्टिंगपर्यंत (भिंतीच्या पायाशी असलेल्या टाइलच्या पट्टीपर्यंत) उभी झिरी, स्कर्टिंगच्या माथ्यावरून २५ मिमीची केसिंग-कॅपिंग पट्टी, आणि टीव्हीखालून पुन्हा वर उभी झिरी. स्कर्टिंगच्याच रंगाची पट्टी घेतली आणि पुढे टीव्ही युनिट आलं की ती दिसतही नाही. फॉल्स सीलिंग अजून व्हायचं असेल तर त्याहून उत्तम. पाइप छतातून आणा आणि टीव्हीपर्यंत उभा खाली उतरवा.

काँक्रीटच्या भिंतीवर पूर्ण पट्टीच. कोपऱ्यातून उभी नेली आणि भिंतीच्याच रंगाने रंगवली तर खटकत नाही. ज्यांना तेही नको, ते भिंतीवर प्लायवूडचं पॅनल करून केबल मागून नेतात. महाग पडतं, पण काँक्रीटला हात लागत नाही.

विजेची जोडणी

फेज, न्यूट्रल, अर्थिंग तिन्ही तांब्याच्या, आयएसआय मार्कच्या एफआर (आग सहज न पकडणाऱ्या) तारा. सर्किट १० अॅम्पिअरच्या एमसीबीवर (जादा वीज वाहिली की आपोआप पडणाऱ्या स्विचवर) असेल तर १.५ चौरस मिमीची तार चालते, १६ अॅम्पिअरवर असेल तर २.५. खात्री नसेल तर २.५ टाका. लूप, म्हणजे जुन्या बोर्डातून पुढे ओढलेली जोडणी, ज्या बोर्डातून घेणार तिथल्या तारेच्या क्षमतेपेक्षा एमसीबी मोठा नसला पाहिजे.

एसीच्या पॉइंटमधून लूप कधीही घेऊ नका. तो जवळ असतो म्हणून मोह होतो. पण त्याचा एमसीबी २० किंवा २५ अॅम्पिअरचा. टीव्हीच्या पातळ तारेत दोष आला तर तार वितळेपर्यंत एमसीबी पडणार नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फेज एका सर्किटचा आणि न्यूट्रल दुसऱ्याचा. डीबीत (घराच्या मुख्य वीज-पेटीत) दोन आरसीसीबी (वीज गळली की पडणारे स्विच) असतील तर टीव्ही लावताच दोन्ही पडतात आणि वायरमन टीव्हीला दोष देऊन निघून जातो. इन्व्हर्टरची वेगळी लाइन असलेल्या घरात हे हमखास होतं. टीव्ही इन्व्हर्टरवर हवा असेल तर न्यूट्रलही त्याच लाइनचा घ्यावा लागतो.

सॉकेटकडे तोंड करून पाहिलं असता अर्थिंगचं मोठं भोक वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे. काम सुरू करण्याआधी मेन बंद करा आणि मल्टिमीटरने तपासा. निऑन टेस्टरवर जीव टांगू नका. तो विझलेला दिसला म्हणजे तार मेली असं नाही.

झिरी, पाइप, भरणी

दोन समांतर रेषा पेन्सिलीने आखा, रुंदी पाइपापेक्षा ५-६ मिमी जास्त. आधी रेषांवर कटर, मग मधला भाग छिन्नीने. नुसत्या छिन्नी-हातोड्याने फोडलं तर ब्लॉकची ढेकळं निघतात आणि पलीकडच्या बाजूचं जिप्समचं प्लास्टर हादरून सुटतं. कटरला व्हॅक्यूम जोडा किंवा दुसऱ्या माणसाला नळी धरायला लावा. नाहीतर ती धूळ नव्या पडद्यांत आणि एसीच्या फिल्टरमध्ये महिनाभर सापडते.

खोली अशी ठेवा की पाइपावर किमान १०-१२ मिमी भर बसेल. पाइप वर आला की चीर ठरलेलीच. सिग्नलसाठी २५ मिमीचा पाइप घ्या, आरजी-६ आणि दोन कॅट-६ त्यातून सहज जातात. कोपऱ्यावर टोकदार एल्बो नको, मोठ्या वळणाचा बेंड घ्या. आरजी-६ ला साधारण ७५ मिमीपेक्षा लहान वळण दिलं तर आतला गाभा सरकतो आणि काही चॅनल गायब होतात. पाइपात एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवा, पुढे केबल बदलताना उपयोगी पडते.

भरण्याआधी तारा ओढून घ्या आणि सगळं तपासा. मल्टिमीटरवर फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ खूपच कमी दिसलं तर त्या बोर्डाला अर्थिंग पोचलेलं नाही. नव्या इमारतींतही हे सापडतं. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का बघा. मग मोजपट्टी भिंतीला लावून झिरीचे फोटो काढा.

आता भरणी. विटेच्या भिंतीत झिरी ओली करून एकास तीन सिमेंट-वाळूचा माल घट्ट दाबा, पृष्ठभागाच्या ४-५ मिमी आत थांबा आणि चार-पाच दिवस पाणी मारा. एएसी ब्लॉक पाणी झटकन शोषतो, तिथे साधा माल लगेच सुटतो. पॉलिमर मॉर्टर वापरा. दोन्ही ठिकाणी वरून १०० ते १५० मिमी रुंद फायबरची जाळी, झिरीच्या दोन्ही बाजूंना सारखी पसरवून. जाळी वगळणं हेच सहा महिन्यांनी दिसणाऱ्या चिरेचं कारण.

भिंतीला जिप्सम असेल तर शेवटचा थर जिप्समचाच द्या, पण खालचं सिमेंट पूर्ण वाळल्यावर. ओल्या सिमेंटवरचं जिप्सम पोपडा होऊन निघतं. आणि जिप्समवर पाणी मारायचं नाही, ही गोष्ट गवंड्याला स्पष्ट सांगा. सवयीने तो मारतोच.

डिशची केबल

महाराष्ट्रातून पाहता आपल्या डीटीएच कंपन्यांचे उपग्रह आग्नेयेच्या बाजूला आहेत. डीडी फ्री डिशचा ९३.५ अंश पूर्वेला. फक्त पश्चिमेला किंवा उत्तरेला बाल्कनी असलेल्या फ्लॅटला तिथे डिश लावून उपयोग नाही, गच्चीच हवी. त्यासाठी सोसायटीची परवानगी आणि डक्टमधून केबलची वाट लागते. केबल ५० मीटरच्या आसपास गेली की आरजी-६ मध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीला साधारण १५ डेसिबल सिग्नल गळतो. डिश नीट जुळवलेली नसेल तर पावसात हा गळका सिग्नल पुरत नाही.

हॉलच्या केबलला स्प्लिटर लावून बेडरूमला दुसरा डीटीएच बॉक्स चालवता येत नाही. बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या डोक्याला) कोणतं पोलरायझेशन, म्हणजे सिग्नलची उभी की आडवी दिशा, हवं ते सांगतो. दोन बॉक्सनी एकाच तारेवरून दोन वेगळे हुकूम दिले की एकाचे चॅनल जातात. दोन आउटपुटचा एलएनबी घ्या आणि प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र केबल. केबलवाल्याच्या जोडणीला मात्र स्प्लिटर चालतो, दोन भागांत साधारण चार डेसिबल कमी होतात एवढंच.

मॉड्यूलर प्लेटमध्ये बसणारं टोचायचं टीव्ही सॉकेट केबलसाठी आहे. डीटीएचची फ्रिक्वेन्सी ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ, आणि अनेक साधी सॉकेट ती अडवतात किंवा एलएनबीला जाणारे व्होल्ट पुढे जाऊ देत नाहीत. स्क्रूवाल्या एफ टाइपचं सॉकेट मागा. ते न मिळालं तर ब्लँक प्लेटला भोक पाडून केबल सरळ बॉक्सपर्यंत न्या, खराब सॉकेटपेक्षा ते बरं.

एफ कनेक्टर लावताना आतली तार नटच्या कडेपेक्षा २-३ मिमी बाहेर हवी. बाहेरच्या जाळीचा एक केसही तिला चिकटला तर शॉर्ट होतो आणि पडद्यावर सिग्नलच येत नाही. बाहेरच्या भिंतीतलं भोक आतून बाहेर उताराचं पाडा, केबलला भोकाआधी खाली एक वळसा द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकेल, आणि कडा सीलंटने बंद करा. कोकणातल्या पावसात हे केलं नाही तर केबलवरून ओघळत आलेलं पाणी थेट बॉक्समध्ये उतरतं.

कॅट-६ आणि एचडीएमआय

कॅट-६ पूर्ण तांब्याची घ्या. स्वस्त केबलमध्ये अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती जॅकमध्ये दाबताना तुटते. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. अनेक स्मार्ट टीव्हींचं पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, त्यामुळे वेगाची उडी अपेक्षू नका. ४के साठी साधारण २५ एमबीपीएस पुरतात. फायदा असा की शेजारच्या दहा वायफायच्या गर्दीतही चित्र अडकत नाही.

सेट-टॉप बॉक्स खालच्या युनिटमध्ये ठेवायचा असेल तर टीव्हीमागून युनिटपर्यंत एक जाड पाइप हवा. एचडीएमआयचं डोकं सुमारे २० मिमी रुंद असतं, वळणात ते अडकतं. म्हणून ४० ते ५० मिमी आणि शक्यतो सरळ. चार इंची भिंतीत एवढा पाइप मावत नाही, तिथे टीव्हीखालून चपटी पट्टीच लावा. ४के साठी साधी एचडीएमआय पाच मीटरपर्यंतच ठीक.

रंग

भरणी पूर्ण वाळली की पुट्टीचे दोन हात, २२० आणि मग ३२० नंबरच्या कागदाने घासणी, प्रायमर आणि रंग. फक्त पट्ट्यावर रंग लावला तर शेड तीच असूनही बाजूने उजेड पडला की पट्टा उठून दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंत रंगवा. शेडचा कोड आणि कंपनी बिल्डरकडून ताब्याच्या वेळीच लिहून घेतलेली असली तर दुकानात तुकडा दाखवत फिरावं लागत नाही. बिल्डरने ताब्याआधी एकच हात मारलेला असेल तर मात्र तीच शेड दोन हातांत जरा गडद दिसते. शेजारची भिंतही मग त्याच वेळी उरकून टाका.